आभाळाचं भाडं

शिकागोत ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या हवाई करारातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचली की माणूस चक्रावतो. पहिलं कलम म्हणतं, आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाची संपूर्ण सत्ता. पंधरावं सांगतं, नुसतं वरून जाऊ दिल्याबद्दल पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे मालकी आहे, भाडं नाही! विमान कंपन्या देशोदेशी भरतात ते शुल्क रडारचं, दिशादर्शनाचं, नियंत्रकाच्या लक्षाचं. युरोपातला हिशेब असा: किलोमीटरमधल्या अंतराला शंभरने भागा, विमानाच्या कमाल वजनाच्या टनांना पन्नासने भागून वर्गमूळ काढा, दोहोंचा गुणाकार करा आणि त्याला त्या देशाचा दर लावा. दोनशे टनी विमानाला पन्नास टनीच्या चौपट नव्हे, दुप्पट पडतात. खुल्या अरबी समुद्रावर तर भारताची सत्ताही नाही. तरी तिथल्या मोठ्या पट्ट्यातली वाहतूक मुंबईचं केंद्र सांभाळतं आणि त्याचं शुल्क भारताला मिळतं. आकाशात पैसा मिळतो तो सेवेचा, नाहीतर वाट अडवण्याच्या ताकदीचा. नुसत्या मालकीला तिथे भाव नाही.

ती ताकद रशियाने पुरेपूर वापरली. सैबेरियावरून पूर्वेला जाण्यासाठी युरोपीय कंपन्या एअरोफ्लोत या रशियन विमान कंपनीला पैसे मोजत. २००८ साली ही रक्कम ३० कोटी युरोंच्या वर होती. हा पंधराव्या कलमाचा भंग आहे, असं युरोपीय आयोग म्हणत राहिला आणि कंपन्या पैसे भरत राहिल्या, कारण वळसा त्याहून महाग होता. मग हे भाडं उघडपणे कायदेशीर करून गरीब देशांनाही का मिळू नये, असं कुणी विचारेल. पण असं भाडं मिळतं ते अडवणुकीच्या धाकावर, आणि अडवणूक अडवणाऱ्यालाही भोवते. बालाकोटवरच्या भारताच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, तेव्हा २ जुलै २०१९पर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटींचा फटका बसल्याचं राज्यसभेत सांगण्यात आलं. आपलं नुकसान साडेआठशे कोटी पाकिस्तानी रुपयांचं, असं तिथल्या मंत्र्यांनीही कबूल केलं.

उपग्रहांच्या बाबतीत तर अडवणंच अशक्य. अंतराळावर कुणाची मालकी नाही, असं १९६७चा करार सांगतो. तरी १९७६ साली कोलंबिया, इक्वेडोर, केनिया, इंडोनेशिया अशा विषुववृत्तीय देशांनी बोगोटात जाहीर केलं की आमच्या डोक्यावरची, ३५,७८६ किलोमीटर उंचीवरची भूस्थिर कक्षा आमची. दावा टिकला नाही, पण त्यामागची तक्रार खरी होती: श्रीमंत देश आधी पोचतील आणि मोक्याच्या जागा संपतील. तिला उत्तर मिळालं ते मालकीतून नव्हे, वाटपातून. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९८८ साली प्रत्येक देशासाठी कक्षेत जागा राखण्याची योजना केली. मोक्याच्या जागा आधी नोंदवून भाड्याने देण्याचा धंदा टोंगासारख्या चिमुकल्या देशालाही जमला. गंमत म्हणजे टोंगा विषुववृत्तावर नाहीच. कोलंबियाच्या १९९१च्या राज्यघटनेतलं १०१वं कलम मात्र भूस्थिर कक्षेचा आपल्या डोक्यावरचा तुकडा आजही देशाचा भाग मानतं. त्या तुकड्याच्या भाड्याची पावती अजून कुणाच्याच नावाने फाटलेली नाही.