सानपाड्याला गेलेली डिस्क

"काका, डिलीट झाल्यावर मशीन किती दिवस वापरलंत?"

मी बोटं मोजली. "सव्वादोन महिने."

वाशीतल्या त्या डेटा रिकव्हरीच्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर बसलेल्या मुलाने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. डॉक्टरने स्टेथोस्कोप काढून खुर्चीला टेकावं, तसा.

नेरूळच्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदार. फेब्रुवारीत मला ऑफिसचा लॅपटॉप साफ करायची हुक्की आली. त्यात 'सोसायटी' आणि 'सोसायटी नवीन' असे दोन फोल्डर दिसले. नावावर विश्वास ठेवून मी जुना उडवला आणि वर रिसायकल बिनही रिकामं केलं. 'नवीन'मध्ये नुसती रंगकामाची कोटेशनं होती, हे कळलं एप्रिलअखेर, लेखापरीक्षकांनी जे नमुन्यातली सभासद यादी मागितली तेव्हा. देखभाल शुल्काच्या एक्सेल शीट, सभांची इतिवृत्तं, सिडकोच्या भाडेपट्ट्याचं स्कॅन, सदनिका हस्तांतराची पत्रं, सगळं त्या उडवलेल्या फोल्डरात होतं. इथे जमीन सिडकोची, आपण पट्टेदार. फ्लॅट विकायला निघालेला सभासद ऐनवेळी जुनं पत्र मागायला खाली येतो, आणि तेव्हा त्याला 'शोधतो' असं सांगून भागत नाही.

"पण क्लाउडवर होतं ना सगळं," मी शेवटचा पत्ता टाकला.

"तो बॅकअप नाही काका, सिंक आहे. तुम्ही इथे उडवलंत, त्याने तिथे उडवलं." आमच्या क्लाउडच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस पडून राहते, मग तीही जाते. ठाणे-बेलापूर रस्त्याने महापे, रबाळे, ऐरोली करत गेलं की डेटा सेंटरच्या थंडगार इमारती दिसतात. एवढे मोठे गोदामवाले शेजारी असून माझी एक यादी कुठे नव्हती.

लॅपटॉप त्याने उघडलाच नाही. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून फाइल डिलीट केली तर अनुक्रमणिकेतली तिची नोंद तेवढी सुटते. पान तसंच असतं, दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. म्हणून हे रिकव्हरीवाले सगळ्यात आधी 'हात लावू नका' म्हणतात. माझ्या लॅपटॉपमधल्या एसएसडीची तऱ्हा वेगळी. विंडोज तिला लगेच कळवून टाकतं की ही जागा आता नको आहे, आणि ती आपल्या सवडीने खरोखरच पुसून ठेवते. सव्वादोन महिन्यांत तिला सवडच सवड होती. "पैसे घेऊन नाही म्हणण्यापेक्षा आधीच सांगतो," तो म्हणाला. "जुनी कॉपी कुठे आहे का बघा. पेन ड्राइव्ह, कुणाचं घर, काहीही."

कुणाचं घर म्हटल्यावर मला सानपाडा आठवलं. माझ्याआधीच्या खजिनदार ताई दिवाळीत पदभार सोडून तिकडे राहायला गेल्या होत्या आणि सोसायटीची ५०० जीबीची डिस्क त्यांच्याच सामानात गेली होती. यावरून कमिटीत बरीच तोंडं वाजली होती. मी फोन केला. "काका, देणारच होते हो. बाळाच्या बारशाचे फोटो टाकलेत तिच्यात, ते काढून देते." मी जवळजवळ ओरडलोच, "ताई, काही काढू नका! आहे तशी द्या."

संध्याकाळी ती डिस्क पोटमाळ्यावर आली. केबल लावून मुलाने ती कानाशी धरली आणि दुकानातला पंखा बंद करायला लावला. मलाही ऐकवलं. सलग घरघर, आणि मध्येच टक्, टक्. वाचणारा दांडा जागेवर पोहोचत नाही आणि पुन्हा सुरुवातीला येतो, त्याचा तो आवाज. "चालेल. पण हिच्यावर काम नाही करायचं." त्याने दुसऱ्या डिस्कवर तिची हुबेहूब प्रत काढायला लावली. काळ्या पडद्यावर आकडे सरकू लागले: किती वाचलं, किती राहिलं, कुठे अडलं. अडेल तो तुकडा सोडून प्रोग्रॅम पुढे जातो, सोपं ते सगळं आधी उचलतो आणि मग मागे वळून हट्टी तुकड्यांशी झटतो. पेपर सोडवणाऱ्या हुशार पोरासारखं. चार तास लागणार होते.

वेळ होता म्हणून त्याने जेएनपीटी बंदराची गोष्ट काढली. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका करविषयक हिशेबी सॉफ्टवेअरमधून सुटला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या मशीनमध्ये शिरला. आपल्या न्हावाशेव्यात मर्स्क समूह चालवत असलेलं टर्मिनल होतं, तेही बसलं. कुठला कंटेनर कुठे आहे हे सांगणारं यंत्रच मुकं झालं. पण मला चटका लावून गेली ती पुढची हकिकत. कंपनीच्या नेटवर्कमध्ये कोण कोण आहे, कुणाला कुठे प्रवेश, याची नोंदवही दीडशेच्या आसपास सर्व्हरवर होती. प्रत्येक सर्व्हर बाकीच्यांशी ताळमेळ ठेवून, म्हणजे एक गेला तर दुसरे आहेतच. सगळे एकदम जातील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. उरला एकच, घानामधला. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जोडलेलाच नव्हता. तिथलं इंटरनेट इतकं हळू, की दुरुस्तीचं काम चाललं होतं त्या ब्रिटनला नोंदवही पाठवायला दिवसचे दिवस लागले असते; आणि तिथल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी घानाचा माणूस ती डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती दिली आणि तो लंडनच्या विमानात बसला. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितलं.

"तुमच्या ताई म्हणजे आपला घाना," मुलगा म्हणाला आणि चहा मागवला.

रात्री साडेदहाला प्रत पूर्ण झाली. मूळ डिस्क त्याने पिशवीत घालून बाजूला ठेवली. प्रतीवरचा फोल्डर लॅपटॉपमधल्या जुन्या जागी न टाकता त्याने 'तपासायचे' नावाचा वेगळा फोल्डर करून त्यात उतरवला. जुन्यावर नवं किंवा नव्यावर जुनं चढलं की मग कुणालाच काही सांगता येत नाही. जे नमुना उघडला, सिडकोचं स्कॅन उघडलं. इतिवृत्ताची फाइल मात्र उघडली ती इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं आणि डोक्यावर टिंबं असलेल्या परदेशी स्वरांचा नुसता किचाट घेऊन.

"ही करप्ट झाली, काका."

इथे मात्र माझी पाळी होती. आमचे जुने सेक्रेटरी श्रीलिपीत टाइप करायचे. युनिकोड सगळीकडे रुळण्याआधीच्या त्या फाइलमध्ये मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलंच नसतं. इंग्रजी चिन्हांवर मराठी चेहरे चढवलेले असतात, आणि फॉन्ट नसला की चेहरे गळून पडतात. त्याच डिस्कवर फॉन्टचा फोल्डर सापडला. तो टाकताच पडद्यावर 'सभेचे इतिवृत्त' उभं राहिलं, वेलांट्या-उकारांसकट. मुलाने फोनवर त्याचा फोटो काढला. त्याला म्हणे असल्या तीन-चार फाइल 'गेल्या' म्हणून परत द्याव्या लागल्या होत्या.

दिवाळीपर्यंतचं सगळं आलं. त्यापुढच्या साडेतीन महिन्यांसाठी सॉफ्टवेअर नव्हतं. बँकेचं स्टेटमेंट, पावतीपुस्तकातल्या स्थळप्रती आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकांनी टाकलेले 'मेंटेनन्स भरला'चे स्क्रीनशॉट समोर घेऊन मी पाच रात्री बसलो. कार्बन नीट न उमटलेल्या एका पावतीसाठी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी देव्हाऱ्यामागून मूळ पावती काढून दिली.

भरलं नाही ते एकच. जानेवारीच्या कमिटी सभेचं इतिवृत्त फक्त लॅपटॉपवर होतं. छापून वहीत चिकटवायचं राहून गेलं होतं. त्यात ठराव होता: माजी खजिनदारांनी सोसायटीची हार्ड डिस्क विनापरवाना स्वतःकडे ठेवल्याबद्दल ही सभा तीव्र नापसंती व्यक्त करते. पुढच्या सभेत मी तो पुन्हा लिहून घ्यायचा का, असं विचारलं. सेक्रेटरींनी पुढचा विषय घेतला, पाण्याच्या टाकीचा.