साठ लाखांच्या गाडीला सवलत आणि गर्देवाड्याची एस.टी.

१५ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकन मोटार कंपनीचे भारतातील पहिले शोरूम उघडले. उद्घाटनाला राज्याचे मुख्यमंत्री जातीने हजर होते. शांघायच्या कारखान्यात तयार होऊन आलेल्या मॉडेल वाय या विजेच्या गाडीची सुरुवातीची शोरूम किंमत होती ५९ लाख ८९ हजार रुपये. ५ सप्टेंबरला पहिली गाडी घेतली ती राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी. जनजागृतीसाठी घेतली, असे त्यांनी सांगितले.

त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारीला, हेच मुख्यमंत्री गडचिरोली जिल्ह्यात होते. तेथे त्यांनी अहेरी-गर्देवाडा या एस.टी.ला हिरवा झेंडा दाखवला. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी एटापल्ली तालुक्यातील त्या भागात एस.टी. पोहोचली. राज्य एक, वर्ष एक, मुख्यमंत्री एक. पण एका सोहळ्याची चर्चा देशभर झाली आणि दुसऱ्याची बातमी आतल्या पानावर गेली. आमच्या समाजाने या दोन्ही बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

टेस्लाचा धंदा चालतो कसा, हे आधी समजून घेऊ. कंपनी २००३ साली स्थापन झाली. २००६ मध्ये एलॉन मस्क यांनी धंद्याची योजना जाहीरच करून टाकली. आधी श्रीमंतांसाठी महागडी गाडी काढायची, त्या पैशातून थोडी स्वस्त गाडी, तिच्या पैशातून आणखी स्वस्त गाडी. त्याप्रमाणे २००८ साली एक लाख डॉलरहून महाग रोडस्टर आली, २०१२ साली मॉडेल एस, २०१७ साली मॉडेल ३ आणि २०२० साली मॉडेल वाय. मध्ये डीलर नाही. कंपनी स्वतःच्याच शोरूममधून आणि संकेतस्थळावरून थेट विकते. जाहिरातीवर तिने वर्षानुवर्षे जवळजवळ पैसाच खर्च केला नाही, कारण मालक हीच जाहिरात! २०१८ साली मस्क यांनी स्वतःची रोडस्टर अग्निबाणावर बसवून अंतराळात सोडली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती फुकट छापली. २०१६ साली मॉडेल ३ साठी हजार डॉलर आगाऊ घेऊन नोंदणी उघडली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सव्वातीन लाख लोकांनी नाव नोंदवले. भारतातल्या काहींनीही पैसे भरले होते. त्यांना गाडी काही मिळाली नाही. २०२५ मध्ये कंपनीने त्यांचे पैसे परत करायला घेतले.

इथवर ही हुशारी झाली. तिचे कौतुक करायला आमची हरकत नाही. पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सहसा कोणी सांगत नाही. २०१० साली ही कंपनी अडचणीच्या काळातून जात असताना अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याने तिला ४६.५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. ते तिने २०१३ मध्ये फेडले, हेही सांगितले पाहिजे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत कायदाच असा आहे की, मोटार कंपन्यांनी धूर न सोडणाऱ्या गाड्या ठराविक प्रमाणात विकल्या पाहिजेत. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी दुसऱ्याकडून श्रेयांक विकत घ्यायचे. टेस्ला ते विकते. २०२० साली कंपनीला पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा नफा झाला, ७२ कोटी डॉलर. त्याच वर्षी श्रेयांक विकून तिला मिळाले होते १५८ कोटी डॉलर. म्हणजे कायद्याने दिलेला हा आधार काढून घेतला, तर नफ्याच्या जागी तोटा दिसला असता.

आता वाचकांनीच सांगावे, याला काय म्हणायचे? दुर्बल असताना कायद्याने हात देणे, प्रमाण ठरवून देणे, स्पर्धेत उभे राहीपर्यंत सांभाळणे, याला आमच्या बाबतीत आरक्षण म्हणतात आणि मग गुणवत्तेच्या नावाने गळा काढला जातो. भांडवलदाराच्या बाबतीत त्यालाच प्रोत्साहन म्हणतात आणि टाळ्या वाजवल्या जातात.

महाराष्ट्रातही तेच झाले. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर लावण्याचा प्रस्ताव होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतला. साठ लाखांच्या एका गाडीमागे हा कर साडेतीन लाखांच्या आसपास गेला असता. पुढे राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात अशा गाड्यांना अटल सेतू, समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफीही मिळाली. इकडे मूल किंवा चामोर्शीचा पोरगा कर्ज काढून पेट्रोलची साधी मोटारसायकल घेतो, तेव्हा तिच्या किमतीवर दहा-अकरा टक्के वाहनकर भरतो. केंद्राने टेस्लाकडून मोठे आयात शुल्क घेतले, हे खरे. स्वस्त विजेच्या दुचाकीलाही राज्याने सवलत दिली, हेही खरे. पण साठ लाखांची गाडी घेणाऱ्याला राज्याने तिजोरीतून आधार देण्याची गरज काय होती? आणि एस.टी.साठी ठरलेल्या ५,१५० विजेच्या बस मुदतीत आल्या नाहीत, म्हणून मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनाच कंत्राट रद्द करण्याचे निर्देश द्यावे लागले, हा हिशेब कोण करणार?

ही गाडी धूर सोडत नाही म्हणतात. मुंबईत सोडत नाही, एवढेच. तिची वीज ज्या जाळ्यातून येते, त्या जाळ्यात २,९२० मेगावॅटचे चंद्रपूरचे औष्णिक केंद्र आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथे होते. दुर्गापूरच्या बाईने सकाळी वाळत घातलेले लुगडे संध्याकाळी राखेने काळे होते. स्वच्छ हवा वांद्र्याला आणि राख दुर्गापूरला, ही वाटणी आम्हाला नवी नाही. घाण कोणी उचलायची, हे या देशात हजारो वर्षे ठरलेलेच होते.

गडचिरोलीत गाडीसाठी नव्हे, पण पोलादासाठी सुरजागडचा डोंगर खोदला जात आहे. २००७ साली खाणपट्टा मिळाला, २०२१ पासून उत्खननाने जोर धरला, २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन काढायला पर्यावरण मंजुरी मिळाली. त्याच वर्षी तोडगट्टा येथे माडिया बांधव महिनोनमहिने आंदोलनाला बसले होते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, पेसा आणि वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभेला विचारा.

आम्ही विजेच्या गाडीच्या विरोधात नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे वीज आणि पाटबंधाऱ्याचेही काम होते. वीज स्वस्त आणि मुबलक असावी, तिच्या बळावर उद्योग वाढून गरिबी हटावी, ही त्यांची भूमिका होती. म्हणजे प्रश्न यंत्राचा नाही. त्याचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा प्रश्न आहे. घटनेच्या कलम ३८ आणि ३९ मध्ये तेच लिहून ठेवले आहे.

आता नुसते संतापून भागणार नाही. खनिज कायद्यात २०१५ साली कलम ९-ब आले. त्यानुसार प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असते. जुन्या पट्टेधारकाने रॉयल्टीच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि लिलावाने पट्टा घेणाऱ्याने १० टक्के रक्कम तेथे भरायची असते. तो पैसा खाणबाधितांचा आहे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूत्रांनुसार त्यातील किमान ७० टक्के पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवरच खर्च व्हायला हवा. आपल्या गावाच्या नावावर किती आला आणि कुठे गेला, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. विहारात रविवारी जमतो, तेव्हा एक अर्ज तरी तेथेच लिहिला जावा. अर्ज लिहायला वकील लागत नाही, आणि लागलाच तर आम्ही बसलो आहोत.

जय भीम!