शॉवरचा प्रवाह व गरम पाण्याचा साठा

विहिरीचे पाणी न अजमावता मोठा पंप बसविल्यास विहीर घटकाभरात तळ गाठते, हे शेतकरी बंधूंना सांगावयास नको. न्हाणीघराच्या बाबतीत मात्र हा विचार क्वचितच होतो. बंब दुकानदाराच्या सल्ल्याने घेतला जातो, शॉवर दिसण्यावरून निवडला जातो आणि पाणी पुरले नाही म्हणजे दोष बंबाला दिला जातो.

गेल्या हिवाळ्यात एका बागाईतदारांच्या घरी प्रस्तुत लेखकास हीच तक्रार ऐकावयास मिळाली. घरात पाच माणसे व छपरावर १०० लिटरचा सौर बंब. बादलीने स्नान होत असे तोवर पाणी पुरे. रुंद शॉवर बसविल्यापासून मात्र चौथ्या माणसाच्या अंगाला साबण असतानाच पाणी गार होई, आणि शेवटी न्हाणीत जाणाऱ्या वृद्ध मातोश्रींच्या वाट्याला थंड पाणी येई. बागाईतदार दुप्पट मोठा बंब घेण्याच्या विचारात होते.

प्रवाह कसा मोजावा : १० लिटरची खूण केलेली बादली शॉवरखाली धरावी व घड्याळ पाहावे. ६०० या संख्येस लागलेल्या सेकंदांनी भागले असता दर मिनिटाचा प्रवाह लिटरमध्ये मिळतो. येथे बादली ५० सेकंदांत भरली. म्हणजे प्रवाह १२ लिटर होता.

साठा कसा मोजावा : गरम पाणी काढू लागताच बंबाच्या तळाशी थंड पाणी शिरते व काही अंशी वरच्या पाण्यात मिसळते. सबब धारणशक्तीच्या चार-पंचमांश पाणीच हिशेबात धरावे; १०० लिटरच्या बंबात ८० लिटर. ते ६० अंश सेल्सिअस व नळाचे पाणी २० अंश असल्यास, ४० अंशांच्या स्नानासाठी जितके गरम पाणी तितकेच विसण लागते. म्हणजे स्नानास एकूण १६० लिटर पाणी मिळते.

दोहोंचा मेळ : माणशी ४ मिनिटे धरल्यास पाच जणांची २० मिनिटे होतात. १२ लिटरच्या प्रवाहाने २४० लिटर पाणी लागेल. १६० लिटरमध्ये भागवावयाचे तर प्रवाह ८ लिटर हवा. त्याप्रमाणे कमी प्रवाहाचा शॉवर बसविला. तीच बादली ७५ सेकंदांत भरू लागली. नव्या बंबाचा खर्च टळला व मातोश्रींनाही ऊन पाणी मिळू लागले.

विजेचा गीझर : याच हिशेबाने १५ लिटरच्या गीझरमधून २४ लिटर स्नानाचे पाणी मिळते, ८ लिटरच्या प्रवाहास ते ३ मिनिटे पुरते. २५ लिटरचा गीझर ५ मिनिटे पुरतो. २ किलोवॉटच्या गीझरला १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे २१ मिनिटे लागतात. दोन स्नानांत तेवढे अंतर ठेवावे.

दक्षता : ढगाळ दिवसांत बंबातील पाणी ५० अंशांपर्यंतच तापल्यास वरील १६० लिटरचे १२० लिटर होतात, त्या दिवशी माणशी ३ मिनिटेच धरावीत. ६० अंशांचे पाणी पोळते. म्हणून आधी थंड तोटी उघडावी, मग गरम. गीझरची सुरक्षा-झडप कधीही बंद करू नये व अर्थिंग तपासून घ्यावे.

तात्पर्य, मोठा बंब घेण्यापूर्वी एक बादली व एक घड्याळ घेऊन न्हाणीघरात जावे. शेवटच्या माणसाला पुरेल तोच प्रवाह योग्य होय.