लॅपटॉपचे वाय-फाय बंद पडते तेव्हा

शाळेतल्या एकुलत्या एका लॅपटॉपवर यू-डायस प्लसची माहिती भरण्याचे काम अर्ध्यावर आलेले असते, मुदत संपायला दोन दिवस उरलेले असतात, आणि नेमके तेव्हाच पडद्याच्या कोपऱ्यातले वाय-फायचे पंख्यासारखे चिन्ह नाहीसे होते. दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे तर तो बहुधा दोनपैकी एक निदान करतो : ‘फॉरमॅट मारावा लागेल’ किंवा ‘मदरबोर्ड गेला’. पहिल्यात निकालपत्रकांपासून शिष्यवृत्तीच्या याद्यांपर्यंत सारे पुसले जाण्याची भीती, तर दुसऱ्यात हजारो रुपयांचा खर्च. ही निदाने कधी कधी खरीही असतात. पण तिथवर जाण्याआधी तासभर पद्धतशीर तपासणी केली, तर दोष कुठे आहे हे पुष्कळदा आपले आपल्यालाच कळते.

आधी अडलेले काम मार्गी लावू. मोबाइल फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडून फोनमधील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले, की इंटरनेट तारेतून मिळते. वाय-फायची गरजच उरत नाही. केबल मात्र माहिती वाहून नेणारी हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. आता निवांतपणे मूळ दोषाकडे वळता येईल.

वाय-फाय अ‍ॅडाप्टर म्हणजे लॅपटॉपच्या पोटात बसवलेले एक छोटे कार्ड. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असते. त्यावर रेडिओ-प्रक्षेपक आणि ग्राहक आहेतच, शिवाय स्वतःचा प्रक्रियक आणि स्मृतीही आहे; म्हणजे तो एक स्वतंत्र लहानसा संगणकच. त्याच्याशी बोलायला विंडोजला ‘ड्रायव्हर’ नावाचा दुभाषा लागतो. कार्डापासून दोन बारीक तारा बिजागरीतून वर जाऊन पडद्याच्या चौकटीतल्या अँटेनांना मिळतात. ही साखळी डोळ्यांसमोर ठेवली, की प्रश्न एवढाच उरतो : कोणती कडी तुटली?

साखळी शोधताना ती मधोमध तोडून पाहावी. पहिला तुकडा लॅपटॉपच्या बाहेरचा. त्याच राउटरवर फोन चालतो का? चालत असेल तर राउटर बहुधा ठीक आहे. ‘बहुधा’ म्हणण्याला कारण आहे. राउटर अनेकदा दोन वारंवारता वापरतो, २.४ गिगाहर्ट्झ (तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर) आणि ५ गिगाहर्ट्झ (सुमारे ६ सेंटिमीटर). जुन्या लॅपटॉपचे कार्ड फक्त पहिलीच ऐकू शकते. कोणी राउटरची पहिली वारंवारता बंद केली, तर फोनला सारे दिसते आणि लॅपटॉपला काहीच नाही. (या ५ चा मोबाइलच्या ‘फाइव्ह जी’शी काही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.) आणखी एक गंमत अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या लॅपटॉपची. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ वाहिन्या चालतात, तर अमेरिकेत साधारणपणे पहिल्या ११च वापरल्या जातात. राउटर १३ क्रमांकावर असेल तर तिकडचे काही अ‍ॅडाप्टर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. राउटर १, ६ किंवा ११ वर आणला की भांडण मिटते.

बाहेरचे सारे ठीक असेल तर आत शिरू. विंडोजमधील ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून नेटवर्क अ‍ॅडाप्टरांच्या यादीत वाय-फाय कार्डाचे नाव आहे का, ते पाहावे. नाव आहे पण त्यावर खाली वळलेला बाण आहे, तर कार्ड कोणीतरी बंद करून ठेवले आहे. पुन्हा सुरू केले की झाले. पिवळा त्रिकोण असेल तर कार्ड सापडले आहे, पण कार्ड आणि दुभाषा यांचे जमत नाही. नावच नसेल तर कार्ड स्वतःची ओळखही देत नाही, आणि हा प्रकार अधिक गंभीर. इथे ब्लूटूथ उपयोगी साक्षीदार ठरते. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ त्याच कार्डावर असते, पण ते वेगळ्या अंतर्गत मार्गाने जोडलेले असते. ब्लूटूथ चालते आणि वाय-फाय तेवढे गायब, तर कार्डाला वीज मिळते आहे हे निश्चित. दोन्ही एकदम गेली असतील तर संशय कार्डावर किंवा त्याच्या बैठकीवर जातो. अर्थात ‘विमान अवस्था’ चालू नाही ना, आणि जुन्या लॅपटॉपच्या कडेला असलेली रेडिओची सरकती कळ कुणाच्या बोटाने सरकली नाही ना, हे त्याआधी पाहावे. ही कळ बंद असताना विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी व्यर्थ.

आता एका चमत्कारिक गोष्टीकडे येऊ. ‘लॅपटॉप तीनदा बंद करून चालू केला, तरी फरक नाही’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण लॅपटॉप खरोखर बंद झाला होता का? विंडोज ८ पासून (२०१२) ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पुसला जात नाही. तो डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. सुरुवात झटपट होते, पण ड्रायव्हरची बिघडलेली स्थितीही तशीच परत येते. ‘रीस्टार्ट’ निवडले तर मात्र सारे नव्याने सुरू होते. शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ केले तरीही तेच साधते. म्हणजे बंद करण्यापेक्षा पुन्हा सुरू करणे अधिक संपूर्ण, असा उलटा न्याय!

तेवढ्यानेही भागले नाही तर कार्डाचा स्वतःचा प्रक्रियक अडकला असेल. लॅपटॉप बंद असतानाही मदरबोर्डच्या काही भागांना थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे कार्डाच्या स्मृतीतला गोंधळ टिकून राहू शकतो. म्हणून चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी, आणि चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. धारित्रांमध्ये उरलेला विद्युतभार निघून जातो. यानंतर डिव्हाइस मॅनेजरमधून हरवलेले कार्ड परत अवतरणे ही नवलाची गोष्ट नाही. बॅटरी आत पक्की असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली रीत पाळावी.

विंडोजच्या एखाद्या अद्ययावतीकरणानंतर लगेच बिघाड झाला असेल, तर ड्रायव्हरच्या ‘रोल बॅक’ने जुना दुभाषा परत बोलावता येतो.

तरीही संशय उरला, तर आमच्या मते सर्वांत सुंदर प्रयोग पुढचा आहे. दुसऱ्या संगणकावरून एका पेन ड्राइव्हवर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली घ्यावी, लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा आणि ‘फक्त वापरून पाहा’ हा पर्याय निवडावा. बायोसच्या इतर मांडणीला हात लावू नये. डिस्कवरचे काहीही बदलत नाही. यंत्र तेच, प्रणाली तेवढी दुसरी. म्हणजे बाकी सारे स्थिर ठेवून एकच घटक बदलला. इथे वाय-फाय चालले, तर कार्ड, तारा, मदरबोर्ड सारे निर्दोष, आणि ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान तिथेच निकालात निघाले. दोष विंडोजमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये. मग फॉरमॅट करायचे ठरलेच, तर ते आधी सारी कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून, डोळसपणे करता येते. पण उलट निष्कर्ष काढताना सावध राहावे. लिनक्समध्ये वाय-फाय चालले नाही म्हणून कार्ड मेले असे सिद्ध होत नाही, कारण काही कार्डांसाठी लिनक्समध्ये तयार दुभाषा नसतो. होकार निर्णायक, नकार मात्र संदिग्ध. असे प्रयोग विज्ञानात जागोजागी भेटतात, आणि दहावीच्या वर्गात चर्चेला हे उदाहरण उत्तम आहे.

राउटरच्या शेजारी बसल्यावरच वाय-फाय चालते, असे लक्षण असेल तर बिजागरीतल्या अँटेनाच्या तारा किंवा कार्डावरची त्यांची टिचक्या बटणासारखी जोडणी पाहावी. ग्रहण केलेली शक्ती डीबीएममध्ये मोजतात. उणे ५० चे उणे ८० झाले, तर शक्ती ३० डेसिबेलने, म्हणजे हजार पटींनी घटली. फोन आणि लॅपटॉप एकाच बाकावर ठेवून तुलना केली की फरक ध्यानात येतो.

कधी वाय-फाय जोडलेले दिसते, पण पाने उघडत नाहीत. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेला नाही आणि लॅपटॉपने तो स्वतःच ठरवला आहे. पत्ता ठीक असेल तर घड्याळ पाहावे. बरेच दिवस पडून राहिलेल्या लॅपटॉपची तारीख मागे जाते, आणि सुरक्षित संकेतस्थळे अशा यंत्रावर उघडत नाहीत. तारीख सुधारली की अ‍ॅडाप्टरवरचा आळ निघून जातो.

आणि कार्ड खरेच गेले असेल तर? ते सुटे असेल तर बदलता येते. काही नव्या लॅपटॉपमध्ये ते मदरबोर्डलाच डाखलेले असते. तेव्हा काही शे रुपयांचा यूएसबी वाय-फाय अ‍ॅडाप्टर कडेला खोचला तरी पुरते. मदरबोर्डाच्या खर्चाला होकार देण्यापूर्वी असा एखादा अ‍ॅडाप्टर कोणाकडून उसना आणून लावून पाहावा.