पाण्याला ‘पाय’ फुटण्यापूर्वी...

प्रतिनिधी

उन्हाळ्याची चाहूल लागताच मुंबई, ठाणे, पुणे परिसरातील अनेक गृहनिर्माण संस्थांच्या आवारात पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या सुरू होतात. टँकर ‘दहा हजार लिटरचा’ असल्याचे सांगितले जाते, त्यानुसार पैसे चुकते होतात आणि पावती फायलीत जाते. टँकरमध्ये खरोखरच तेवढे पाणी मावते काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक तो सोडविण्याचे गणित प्रत्येकाने शाळेत शिकलेले असते. एक मोजपट्टी, साधा कॅल्क्युलेटर आणि ‘पाय’ नावाची एक संख्या एवढे साहित्य त्यासाठी पुरेसे आहे.

एकच गुणोत्तर

बांगडी असो वा बैलगाडीचे चाक, वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागले की उत्तर एकच येते : ३.१४१५९... हे गुणोत्तर म्हणजेच पाय. त्यासाठी ‘π’ हे ग्रीक अक्षर वापरण्याची सुरुवात विल्यम जोन्स या वेल्श गणितज्ञाने १७०६ मध्ये केली. या संख्येचे दशांश कोठेच संपत नाहीत आणि ती कोणत्याही अपूर्णांकाने तंतोतंत मांडता येत नाही, हे योहान लँबर्ट याने १७६१ मध्ये सिद्ध केले. शालेय पुस्तकांतील २२/७ हे तिचे केवळ सोयीचे रूप आहे.

परीघ काढण्यासाठी व्यासाला पायने गुणावे लागते, हे व्याख्येतूनच कळते. क्षेत्रफळात पाय कोठून येतो, हे समजण्यासाठी भाकरीचे उदाहरण घेता येईल. भाकरीचे मध्यापासून कडेपर्यंत अनेक बारीक त्रिकोणी तुकडे करावेत आणि ते एक सुलट, एक उलट असे शेजारी शेजारी मांडावेत. तुकडे जितके बारीक, तितकी ती मांडणी आयतासारखी दिसू लागते. या आयताची लांबी म्हणजे भाकरीचा अर्धा परीघ आणि रुंदी म्हणजे त्रिज्या. अर्धा परीघ म्हणजे पाय गुणिले त्रिज्या. त्यामुळे क्षेत्रफळ होते पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग.

गच्चीवरील टाकी

गच्चीवरील उभी गोल टाकी ही गणिताच्या भाषेत वृत्तचिती. तिचे घनफळ म्हणजे तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची. टाकीचा आतील व्यास २ मीटर आणि पाण्याची उंची १.५ मीटर असेल, तर त्रिज्या १ मीटर. ३.१४ गुणिले १ गुणिले १.५ म्हणजे ४.७१ घनमीटर. एका घनमीटरमध्ये १,००० लिटर पाणी मावते. म्हणजेच टाकीत सुमारे ४,७०० लिटर पाणी आहे.

येथे एक चूक हमखास होते. सूत्रात त्रिज्येऐवजी व्यास घातला की उत्तर थेट चौपट येते. त्रिज्येचा वर्ग होत असल्याने दुप्पट त्रिज्या म्हणजे चौपट पाणी. आत उतरून व्यास मोजणे शक्य नसेल, तर टाकीभोवती फीत गुंडाळून परीघ घ्यावा, त्याला ३.१४ ने भागावे आणि आलेल्या व्यासातून दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी वजा करावी.

टँकरचा हिशेब

टँकरची टाकी आडवी असते आणि तिचा छेद बहुधा पूर्ण गोल नसून लंबवर्तुळाकार असतो. तरीही पाय येथेही उपयोगी पडतो. अर्धी रुंदी आणि अर्धी उंची यांचा गुणाकार करून त्यास पायने गुणले की छेदाचे क्षेत्रफळ मिळते. त्यास लांबीने गुणले की घनफळ. टाकीची रुंदी २ मीटर, उंची १.३ मीटर आणि लांबी ५ मीटर असेल, तर तिची क्षमता सुमारे १०,२०० लिटर भरते.

आता हीच मापे किंचित कमी धरू. रुंदी १.८ मीटर, उंची १.२ मीटर, लांबी ४.८ मीटर. प्रत्येक मापातील फरक १० ते २० सेंटिमीटरचा. दुरून पाहणाऱ्याच्या तो लक्षातही येणार नाही. क्षमता मात्र सुमारे ८,१५० लिटरवर येते. दोन हजारांहून अधिक लिटर पाण्याला येथेच ‘पाय’ फुटतात! टाकीच्या टोकांचा फुगवटा आणि आतील आडपडदे यांमुळे प्रत्यक्ष आकड्यात थोडा फरक पडतो; परंतु तो इतका मोठा नसतो.

आडव्या टाकीतील पाण्याची पातळीही फसवी असते. पाणी निम्म्या उंचीपर्यंत असेल, तर टाकी निम्मी भरलेली असते. पातळी पाव उंचीवर असेल, तर मात्र पाणी पाव नव्हे, २० टक्क्यांहूनही किंचित कमी असते. कारण तळाशी टाकी अरुंद होत जाते. ‘पाव टाकी शिल्लक’ असे काठी बुडवून सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

भास्कराचार्यांचा चेंडू

गोल वस्तूंचे गणित या मातीस नवे नाही. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ असल्याचे सांगितले. त्यातून पायची किंमत ३.१४१६ येते. हे उत्तर जवळपासचे आहे, हेही त्याने नमूद केले. गोलाच्या घनफळाचा त्याचा नियम मात्र बरोबर नव्हता. अचूक नियम ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आढळतो. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ. त्यास व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ. गोलाचे पृष्ठफळ समजावताना त्यांनी चेंडूभोवतीच्या जाळीची उपमा दिली आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावनजीक पाटण येथे आहे.

हा नियम आजही पैसे वाचवू शकतो. अर्धगोल घुमटाचे पृष्ठफळ त्याच्या तळाच्या वर्तुळाच्या बरोबर दुप्पट असते. ४ मीटर व्यासाच्या घुमटास बाहेरून रंग द्यायचा असल्यास क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस मीटर धरावे. कंत्राटदाराच्या बिलात त्याहून बराच मोठा आकडा असेल, तर विचारणा करण्यास हरकत नाही.

अचूकता किती हवी?

पायचे किती दशांश घ्यावेत, याची चिंता घरगुती हिशेबात करू नये. २२/७ घेतल्याने दहा हजार लिटरमागे जेमतेम चार लिटरचा फरक पडतो. याउलट दोन मीटर व्यासाच्या टाकीचा व्यास मोजताना एका सेंटिमीटरची चूक झाली, तर तेवढ्याच पाण्यामागे सुमारे शंभर लिटर इकडचे तिकडे होतात. तात्पर्य, पाय कितीही अचूक घेतला, तरी भिस्त मोजपट्टीवरच असते. पुढचा टँकर दारात आल्यावर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी नळी जोडण्यापूर्वी रुंदी, उंची आणि लांबी ही तीन मापे टिपून घ्यावीत. पाच मिनिटांच्या या कामातून संपूर्ण हंगामाचा हिशेब स्वच्छ होऊ शकतो.