दरड येण्याआधी

डहाणूच्या किनाऱ्याकडून पूर्वेला निघाले की जमीन चढत जाते आणि डोंगर लागतात. सरावलीची माणसे पावसाळ्यात तिकडे जातात. कुणी गवताला, कुणी रानभाजीला, कुणी जव्हार-मोखाड्याला सोयऱ्यांकडे. म्हणून दरडीची माहिती आपल्याला हवी.

उतारावरची माती, मुरूम आणि धोंडे एकदम खाली येतात, त्याला दरड कोसळणे म्हणतात. रस्त्यासाठी कापलेल्या घाटात ती पहिल्या पावसातही येते. पण गावे गाडणाऱ्या मोठ्या दरडींच्या तारखा बघा. पुणे जिल्ह्यातले माळीण ३० जुलै २०१४ ला गाडले गेले. दीडशेच्या वर माणसे गेली. रायगड जिल्ह्यात महाडजवळचे तळिये २२ जुलै २०२१ ला गेले. त्याच जिल्ह्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला गेली. तिन्ही वेळा जुलैच!

असे का? जूनमध्ये डोंगर तहानलेला असतो. पडेल ते पाणी पितो. महिनाभरात मातीचे पोट भरते. मातीखाली कातळ असतो, त्यात पाणी सहज शिरत नाही. ते माती आणि कातळ यांच्यामध्ये साचते. कोरड्या मातीची पाटी उचला, मग ओल्या मातीची उचला. केवढा फरक! वर वजन वाढलेले, खाली पकड सुटलेली. त्यात दोन-तीन दिवस मुसळधार लागली की उतार निसटतो. हिमालयात बर्फाचेही असेच होते. जुन्या थरावर नवा बर्फ पडतो, दोन्ही नीट चिकटलेले नसतात, आणि वरचा थर घसरतो.

इर्शाळवाडी ही इर्शाळगडाखालची ठाकरांची वाडी. गाडीरस्ता नव्हता. दरड रात्री आली. बहुतेक माणसे घरात झोपलेली होती. काही तरुण पोरे शाळेत होती, ती वाचली. मदतीची माणसे अंधारात, पावसात पायी चढली. अग्निशमन दलाचा एक अधिकारी त्या चढावरच वारला. यंत्रे वर नेता येईनात, म्हणून फावड्या-कुदळींनी माती उपसावी लागली. सत्तावीस मृतदेह मिळाले. बाकीचे मातीखालीच राहिले. आणि ही वाडी सरकारच्या धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती. तेव्हा ‘आपले नाव यादीत नाही’ म्हणून निर्धास्त राहू नये.

डोंगर पुष्कळदा आधी खुणा देतो. घराच्या वरच्या अंगाला जमिनीला नवी भेग पडते. झाड किंवा विजेचा खांब कलतो. काल लागणारे दार आज लागत नाही. कोरड्या जागी झरा फुटतो. ओहोळाचे पाणी एकाएकी गढूळ होते, किंवा धो धो पावसातही आटते. पाणी आटले तर वर कुठेतरी माती अडली आहे असे समजावे. ही खूण फार वाईट.

अशी खूण दिसली तर उजेड असतानाच घर सोडा. म्हातारी माणसे आणि पोरे आधी काढा. गुरांची दावी सोडून द्या. भांडीकुंडी राहू द्या. ओहोळाच्या वाटेने खाली पळू नका, कारण दरडही त्याच वाटेने येते. आडवे, बाजूला जा. पोलीस पाटलाला सांगा, फोन असेल तर ११२ लावा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास, डहाणू-तलासरीत, भूकंपाचे पुष्कळ धक्के बसले. धक्क्याने धोंडे सैल होतात. म्हणून पावसाआधी एकदा घरामागचा उतार पाहून यावे. घर वाढवायला उताराचा पाया खणला असेल, तर तिथे आधी पाहावे. भेग असली तर मातीने बुजवून वरचे पाणी चर काढून दुसरीकडे वळवावे.

आणि दरड पडून गेल्यावर बघायला गर्दी करू नका. वर लोंबती राहिलेली माती पुन्हा खाली येते.