उचल, मोजणी आणि भिंतीआडचे काम

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या शहरांतून 1970 ते 1990 या काळात सहकारी गृहरचना संस्थांच्या ज्या असंख्य तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील सदनिकांचे नळ, तारा, फरश्या आणि न्हाणीघरे आता एकाच सुमारास जीर्ण झाली आहेत. त्यामुळे नवे घर घेण्याची ऐपत किंवा इच्छा नसलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला राहत्या घराची नव्याने रचना करून घेण्यासाठी केव्हा ना केव्हा कंत्राटदाराशी गाठ घालावीच लागते. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांच्याशी बोलू लागले म्हणजे तक्रारींचे स्वरूप विलक्षण सारखे आढळते. पहिल्या पंधरवड्यात काम झपाट्याने झाले, मग माणसे येईनाशी झाली. ठरलेल्या रकमेहून पुष्कळ अधिक खर्च आला. दाखवलेला माल एक आणि बसवलेला दुसरा निघाला. आणि घर लागले न लागले तोच खालच्या शेजाऱ्याच्या छताला ओल आली. या सारखेपणावरून सगळे कंत्राटदार सारखेच लबाड असा निष्कर्ष काढण्याकडे लोकांचा कल असतो. मला तो मान्य नाही. या तक्रारींचे मूळ माणसांच्या स्वभावापेक्षा व्यवहाराच्या रचनेत अधिक आहे, आणि त्या रचनेतला मुख्य दोष हा की, काम होण्यापूर्वीच पैसा पुढे जातो.

घरगुती कामे घेणाऱ्या लहान कंत्राटदाराजवळ स्वतःचे भांडवल बहुधा नसते. एके काळी सुतार, गवंडी किंवा प्लंबर म्हणून दुसऱ्याच्या हाताखाली राबून, पुढे चार कारागीर हाताशी धरून तो स्वतंत्र झालेला असतो. फरशीचा आणि प्लायवुडचा व्यापारी त्याला थोडे दिवस उधारीवर माल देतो; कारागीर मात्र आठवड्याअखेरीस मजुरी मागतो, आणि होळी-दिवाळीला किंवा पेरणीला गावी जाण्यापूर्वी वर उचलही मागतो. अशा स्थितीत नव्या घरमालकाने विश्वासाने दिलेली निम्मी रक्कम हेच त्याचे खेळते भांडवल होऊन बसते. ती हाती पडताच तिच्यातून मागच्या घरावरची थकलेली मजुरी आणि व्यापाऱ्याची बाकी भागते, आणि उरलेल्या पैशांत या घराची तोडफोड सुरू होते. तोडफोड हे सगळ्या कामांतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद होणारे काम आहे. आठ दिवसांत जुना ओटा निघतो, न्हाणीघराची फरशी उखडली जाते, भिंतींना झिऱ्या पडतात, आणि काम केवढे पुढे गेले या समाधानात घरमालक दुसरा हप्ता मोकळ्या मनाने देतो. वस्तुतः याच क्षणी त्याच्या हातातले सर्व बळ गेलेले असते, कारण घरात न्हाणीघर नाही, स्वयंपाकाला जागा नाही, भाड्याच्या खोलीचे भाडे चढते आहे, आणि दुसऱ्याने अर्धवट टाकलेले काम अंगावर घ्यायला नवा कंत्राटदार सहजासहजी तयार होत नाही. तिसऱ्या आठवड्यात कारागीर दिसेनासे होतात ते बहुधा यामुळे, की आता चालत्या उचलीचे घर दुसरे असते आणि माणसे तिकडे गेलेली असतात. यात हेतुतः फसवणारे लोक असतात हे खरे. परंतु ज्याची फसवण्याची इच्छा नाही असा कंत्राटदारही या चक्रात सापडला की त्याच्याकडून तेच घडते.

सार्वजनिक बांधकाम खात्याने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. सरकारी कामावर कंत्राटदाराला सामान्यतः देयक मिळते ते झालेल्या कामाची मोजणी मोजमाप पुस्तकात नोंदली गेल्यानंतर. दर ताडून पाहण्यासाठी खात्याची दरसूची असते. आणि काही रक्कम अनामत म्हणून राखून ती दोषदायित्वाची मुदत सरल्यावरच परत दिली जाते. एवढ्याने प्रत्येक सरकारी काम उत्तम होते असा माझा दावा नाही. परंतु आधी काम, मग मोजणी, मग पैसा हा शिरस्ता घरच्या कामालाही तितकाच उपयोगी आहे. इसार म्हणून दहा टक्क्यांच्या आसपास रक्कम द्यावी. फरशी, नळ, प्लायवुड, तारा यांची खरेदी कंत्राटदाराला बरोबर घेऊन स्वतः करावी, पावती स्वतःच्या नावे घ्यावी आणि पैसे थेट व्यापाऱ्याला द्यावेत. मजुरी टप्प्याटप्प्याने, तो तो टप्पा पुरा झाल्यावर द्यावी. असे म्हटले की कंत्राटदार तयार होत नाहीत, अशी अडचण सांगितली जाते. तिच्यात तथ्य आहे. पण त्याला उचल लागते ती शनिवारच्या मजुरीसाठी. दर शनिवारी दोघांनी मिळून मोजणी करायची आणि त्याच संध्याकाळी झालेल्या कामाचे पैसे, एक दिवसही न लांबवता, हातावर ठेवायचे, असे वचन देऊन ते पाळणाऱ्या घरमालकाकडे काम करायला चांगला कंत्राटदार खुशीने येतो. पैसे थकवणाऱ्या घरमालकांचे अनुभव कंत्राटदारांपाशीही कमी नसतात, आणि ते ऐकून घेण्यासारखे असतात.

काम कोणत्या पद्धतीने दिले यावर पुढची कटकट पुष्कळशी अवलंबून असते. रोजंदारीवर दिलेले काम लांबते. उक्ते दिलेले काम लवकर होते, पण मालात आणि हातात काटकसर होते. आणि मोजणीवर दिलेल्या कामात मोजण्याच्या रीतीवरून वाद निघतात. यांतले शेवटचे मला त्यातल्या त्यात बरे वाटते, कारण टेप लावून त्या वादाचा निकाल करता येतो. एक उदाहरण घ्या. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशा खोलीच्या चार भिंती मिळून 440 चौरस फूट होतात आणि छत 120 चौरस फूट, म्हणजे रंगाचे क्षेत्र 560. त्यातून तीन बाय सातचे दार आणि चार बाय चारची खिडकी वजा केली तर 523 उरते. ही 37 चौरस फुटांची तफावत एका खोलीची आहे. दार-खिडकी वजा करायची की नाही, पटई निराळी धरायची की फरशीच्या दरातच, तुटफुटीची फरशी कोणाच्या हिशेबात, राडारोडा खाली उतरवून वाहून नेण्याचा खर्च कोणाचा, या गोष्टी काम सुरू होण्यापूर्वी कागदावर आल्या नाहीत तर शेवटच्या देयकात त्या एकदम प्रकट होतात, आणि मग दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे बोलत असतात. भारतीय मानक ब्यूरोने बांधकामाच्या मोजणीची रीत आयएस 1200 या मानकात सविस्तर दिलेली आहे. करारनाम्यात तिचा नुसता उल्लेख केला तरी पुष्कळ प्रश्न मिटतात.

रक्कम वाढण्याचे दुसरे कारण घरमालकाच्याच बाजूला असते. काम चालू असताना सुचणाऱ्या फेरफारांना अंत नसतो: इथे एक कपाट हवे, तिथे दिव्याची जागा सरकवा, ही फरशी नको ती आणा. प्रत्येक फेरफारामुळे आधीचे काही काम वाया जाते आणि एक कारागीर खोळंबतो, आणि हे नुकसान तोंडी बोलण्यात कोठेच मोजले जात नाही. यास्तव एक साधी वही घरातच ठेवून, फेरफार, त्याची किंमत आणि त्यामुळे वाढणारे दिवस या तीन गोष्टी लिहून दोघांनी सही केल्याशिवाय नव्या सूचनेला हात लावू नये. त्याच्याही आधी, ज्यांना त्या घरात वावरायचे आहे त्यांना विचारले पाहिजे. स्वयंपाकाचा ओटा प्रघाताप्रमाणे बत्तीस-तेहतीस इंचांचा करून टाकतात. पण जी व्यक्ती रोज त्यापुढे उभी राहते तिच्या कोपराची उंची कोणी पाहत नाही, आणि मग पुढची वीस वर्षे पाठीचे दुखणे सोसण्यात जातात. घरातील वृद्धांसाठी न्हाणीघराचा उंबरठा काढून टाकणे आणि भिंतीला धरायचा दांडा बसवणे हे फरशीच्या रंगापेक्षा आधी ठरावे, असे मला कळकळीने वाटते.

आता भिंतीआडच्या कामाविषयी. घरमालकाचे लक्ष बहुधा दिसणाऱ्या पृष्ठभागावर असते, आणि घराचे आयुष्य ठरते ते त्या पृष्ठभागाखाली जे झाकले गेले त्यावर. न्हाणीघराचा स्लॅब पुष्कळ इमारतींत बाकीच्या खोल्यांपेक्षा खाली उतरवलेला असतो. त्या खोलगट जागेत सांडपाण्याचे नळ टाकून, विटांचे रोडे सिमेंटच्या मसाल्यात बसवून आणि वर उतार काढून जो कोबा करतात, त्यावर त्या न्हाणीघराचे भवितव्य असते. तेथून पाणी बाहेर पडते ते बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपच्या भोवतीच्या सांध्यातून, किंवा भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यातून. म्हणून जलरोधन झाल्यावर, फरशी बसवण्यापूर्वी, ट्रॅपचे तोंड बंद करून तळात पाणी भरावे आणि ते निदान दोन दिवस तसेच ठेवून खालच्या घरात जाऊन छत पाहावे. हे दोन दिवस वाचवण्याची घाई कंत्राटदाराला असते आणि घरमालकालाही असते. मात्र पुढे गळती निघाली तर सगळी नवी फरशी फोडावी लागते. पाण्याच्या नळांचीही, झिऱ्या बुजवण्यापूर्वी, हातपंपाने दाब देऊन परीक्षा करता येते. नव्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारले पाहिजे आणि तो पुरता वाळल्यावरच लांबी-रंग चढवला पाहिजे. ओल्या भिंतीवर दिलेला रंग फुगून सुटतो, आणि मग दोष उगाच रंगाच्या कंपनीवर येतो.

विजेच्या तारांचेही असेच आहे. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार चालते, भारी प्लगांना अडीचची लागते, गीझर आणि वातानुकूलन यंत्रासाठी सामान्यतः चारची घेतात. झिरीत गेल्यावर या तिन्ही तारा बाहेरून ओळखू येत नाहीत. प्रमाणित प्लायवुडच्या प्रत्येक पाटावर मानकाचा शिक्का असतो, साध्या वापरासाठी आयएस 303 आणि पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्रतीसाठी आयएस 710. वर सनमायका चिकटण्यापूर्वी तो शिक्का स्वतः वाचावा. भिंती बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीवर टेप धरून छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे उद्या खिळा मारताना नळ कोठे आहे हे कळते, आणि वाद झालाच तर तोच पुरावा होतो.

एका बाबतीत मात्र कंत्राटदाराच्या शब्दावर मुळीच विसंबू नये, ती म्हणजे भिंत पाडणे. जुन्या इमारतींपैकी कित्येक भारवाही भिंतींच्या आहेत, आणि कोणती भिंत वरचे ओझे पेलते हे नुसत्या जाडीवरून सांगता येत नाही. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही इमारत कोसळून 17 माणसे मृत्युमुखी पडली. तळमजल्यावर त्या वेळी फेरफाराचे काम चालू होते आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 यात परवानगीविना करता येणाऱ्या दुरुस्त्यांचा तपशील आहे: गिलावा, रंग, फरशी बदलणे, नळ बदलणे यांना मुभा आहे, भारवाही भिंत काढणे आणि पोटमाळा वाढवणे यांना नाही. जुन्या मोझॅकवर नवी फरशी चढवणे, स्लॅबवर नवी विटांची भिंत उभारणे यांनीही वजन वाढते. तेव्हा संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय आणि गृहरचना संस्थेची लेखी परवानगी या दोन्ही गोष्टी आधी हव्यात. त्यासाठी अभियंत्याला द्यावे लागणारे शुल्क एकूण खर्चापुढे नगण्य असते.

जे कारागीर आपल्या घरात महिनाभर राबतात त्यांच्याविषयीही घरमालकाचा काही जिम्मा आहे. त्यांना पिण्याचे पाणी आणि शौचालय मिळावे, फरशी कापताना उडणारी सिलिकाची धूळ त्यांच्या फुप्फुसात जाऊ नये म्हणून कापणी पाणी सोडून व्हावी आणि तोंडाला योग्य मुखपट्टी असावी, उंचीवरच्या कामाला भक्कम परांची असावी, या अटी करारात लिहिणाऱ्यांची संख्या फार थोडी आहे. ती वाढली पाहिजे.

एवढे करूनही काम बिघडलेच तर कायद्याचा आधार आहे, परंतु तो कोठे आहे हे ठाऊक हवे. 2016 चा स्थावर संपदा कायदा, ज्याला लोक रेरा म्हणतात, तो विकसकासाठी आहे. राहत्या घराच्या दुरुस्तीला तो लागत नाही. येथे उपयोगी पडतो तो 2019 चा ग्राहक संरक्षण अधिनियम. मोबदला 50 लाखांपर्यंत दिलेला असेल तर जिल्हा आयोगाकडे, तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तेथे विचारला जाणारा पहिला प्रश्न कागदाचा असतो. बिलाशिवाय काम केले तर कर वाचेल, या सूचनेला होकार देणाऱ्याजवळ त्या वेळी दाखवायला काहीच उरत नाही. तक्रार करण्यापूर्वी दोषांची यादी देऊन दुरुस्तीसाठी वाजवी मुदत मागणारे पत्र पाठवावे आणि त्रयस्थ अभियंत्याकडून छायाचित्रांसह पाहणीचा अहवाल घ्यावा.

शेवटची रक्कम केव्हा द्यावी याविषयी माझे मत स्पष्ट आहे. दिवाळीपूर्वी घर तयार व्हावे म्हणून कामे बहुधा ऑक्टोबरात संपवली जातात, आणि खिडक्यांच्या चौकटी, सज्जे, बाहेरच्या भिंती यांची खरी परीक्षा त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी, पावसाळ्यात होते. सरकारी कामाप्रमाणे अनामत म्हणून दहा टक्के राखावेत, पण ते सगळे एवढा काळ अडवून ठेवणे कंत्राटदारावर अन्याय करणारे आहे. तेव्हा राखलेल्या दहा टक्क्यांपैकी निम्मे, न्हाणीघर दोन महिने वापरून खालचे छत कोरडे राहिले की द्यावेत, आणि उरलेले पाच टक्के पुढल्या ऑगस्टअखेर, तारीख करारनाम्यातच लिहून, कंत्राटदाराने तगादा लावण्याची वाट न पाहता पोचते करावेत.